आमच्या एरियातले मिस्त्री मामा: नळ, पंखा, झोपाळा, टीटी टेबल (लांबलचक रिव्ह्यू आहे, चहा घेऊन बसा)

हा कुठल्या कंपनीचा किंवा ॲपचा रिव्ह्यू नाहीये. सिंहगड रोडला आमच्या भागात एक मिस्त्री आहेत, साठीच्या अलीकडचे, मूळचे माणदेशातले, आख्खी सोसायटी त्यांना मामा म्हणते, त्यांच्याबद्दल लिहितेय. नाव आणि नंबर टाकत नाही, एक तर त्यांना विचारलेलं नाही आणि दुसरं म्हणजे नंबर मिळून उपयोग नाही कारण ते फोन उचलतच नाहीत (ते रडगाणं पुढे आहेच). पण आमच्या घरातली आणि क्लबहाऊसमधली बहुतेक ठोकाठोक त्यांनीच केलीये आणि दर चार दिवसांनी कोणी ना कोणी विचारतंच की घरातल्या बारीकसारीक कामाला कोण चांगलं आहे, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी: नळकाम, ड्रिलचं काम आणि खेळाच्या किंवा व्यायामाच्या सामानाची जोडाजोड, यासाठी डोळे झाकून बोलवा. रंग, सिलिकॉन, टाइल्सचं फिनिशिंग यासाठी अजिबात नको. आणि वेळेच्या बाबतीत काही अपेक्षाच ठेवू नका, म्हणजे त्रास होणार नाही.

आता सविस्तर.

मला त्यांचं सगळ्यात काय आवडतं तर हा माणूस काम नसेल तर नाही म्हणून सांगतो. गीझरचंच घ्या. आमच्या गीझरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी यायचं, मी आधी एका ॲपवरून माणूस बोलावला होता, त्याने बघितल्या बघितल्या व्हॉल्व्ह बदला, इनलेट पाइप बदला, जमलं तर गीझरच बदला असं एस्टिमेट काढलं. मामांनी गीझर चालू करायला लावला, दहा मिनिटं खाली स्टुलावर बसले, मग बंद करायला लावला आणि परत बसले. म्हणाले, "ताई, तापताना गळतंय, बंद असल्यावर गळत नाय. पाणी तापलं की फुगतं, त्याला बाहेर पडाय वाट नको का? ही वाट बंद केली तर टाकी जाईल." फक्त त्या व्हॉल्व्हला एक बारीक नळी लावून ती खाली जाळीकडे सोडली, म्हणजे भिंत ओली होणार नाही. पैसे घ्यायलाच तयार नव्हते, मीच चहापाण्याचे म्हणून दिले. बंद असतानाही गळायला लागलं तर मात्र व्हॉल्व्ह गेला समजायचा, तेव्हा बोलवा म्हणाले.

पंखा हळू फिरत होता तेव्हाही तेच. कोणी म्हणालं वाइंडिंग गेलं, नवीन घ्या, आजकाल ते कमी विजेवर चालणारे मिळतात वगैरे. मामांनी वरचा कप खाली सरकवला, छोटासा कॅपॅसिटर काढला, त्यावर २.५ लिहिलेलं होतं, तसाच दुसरा दुकानातून आणून लावला आणि पंखा पहिल्यासारखा पळायला लागला. शंभराच्या आतली वस्तू. पण एकदा आमच्या मेन बोर्डातला आरसीसीबी (करंट कुठे गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच) सारखा पडायला लागला, तर त्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही, एकेक एमसीबी खाली करून कुठल्या लाइनला लोच्या आहे तेवढं शोधून दिलं आणि म्हणाले हे परवानावाल्या वायरमनला बोलावून करून घ्या, हे माझं काम नाही. सगळंच येतं म्हणणाऱ्या मिस्त्र्यांपेक्षा मला हे कधीही परवडतं.

बाथरूमचं ओलीचं प्रकरण थोडं मोठं आहे, पण सांगितलंच पाहिजे. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली, त्यांचे रोज मेसेज, सेक्रेटरींना सीसी, म्हणजे सोसायटीत राहणाऱ्यांना कळेल काय वातावरण असतं ते. एक वॉटरप्रूफिंगवाला कॉन्ट्रॅक्टर येऊन गेला, त्याने दारातूनच बघून सांगितलं की आख्खं बाथरूम फोडावं लागेल, जुन्या टाइल्स मिळणार नाहीत त्यामुळे भिंतीच्याही बदलाव्या लागतील, आणि आकडा असा सांगितला की आमच्या ह्यांनी खुर्चीच धरली. मामांना सांगितलं तर ते म्हणाले फोडाय काय, कधीबी फोडता येतंय, आधी पाणी येतंय कुठनं ते तर बघू.

मग त्यांनी जे केलं ते प्रत्येकाने घरी करून बघण्यासारखं आहे म्हणून लिहिते. पहिल्यांदा बाथरूमचा मुख्य कॉक बंद ठेवायला लावला आणि बाथरूम वापरूच नका म्हणाले. तरी खालचा थेंब चालू राहिला असता तर प्रेशरच्या लाइनवर संशय घेता आला नसता. थेंब थांबला. मग कॉक चालू करून ठेवला पण नळ कोणी सोडायचा नाही. तेव्हाही कोरडं. म्हणजे भिंतीतला पाइप ठीक आहे, नाहीतर प्रेशरची लाइन गळत असेल तर ती चोवीस तास गळते, तिला तुम्ही अंघोळ केली काय न केली काय. मग फ्लशच्या टाकीत निळीचे थेंब टाकले आणि फ्लश न करता थांबायला सांगितलं, तर कमोडमध्ये निळं पाणी उतरलं, म्हणजे टाकीतला वायसर गेलाय (वॉशरला ते वायसरच म्हणतात, आता आम्हीपण म्हणतो), पण तो त्रास वेगळा, पाणी वाया जाणारा, ओलीचा नाही. शेवटी नहाणी ट्रॅपमध्ये फडक्याचा बोळा घट्ट बसवला आणि फरशीवर बोटभर पाणी साठवून ठेवलं. आणि इथे चोर सापडला, खाली ओल फुटली ती बरोबर जाळीच्या खाली. जाळीची चौकट आणि टाइल यांच्यामधली भेग उघडी पडली होती, ॲसिड टाकून टाकून तिथलं सिमेंट खाल्लं गेलं होतं. तेवढा चौकोन उकरला, साफ केला, वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालून परत भरला, वरून इपॉक्सी. पाऊण दिवसाचं काम. बाथरूम आजही शाबूत आहे आणि खालच्या काकू लिफ्टमध्ये हसतात.

हां, पण ते इपॉक्सी कसलं दिसतंय ते विचारू नका. गिलावा केल्यासारखं थापलंय. सिलिकॉनचंही तेच, वॉशबेसिनच्या कडेला त्यांनी मारलेली सिलिकॉनची रेघ बघून माझी बहीण म्हणाली की हे दात घासताना पेस्ट सांडलीये का? तर फिनिशिंग हा विषय मामांच्या सिलॅबसमध्ये नाही. पाणी गळणार नाही याची गॅरंटी, चांगलं दिसेल याची नाही.

आता भिंतीत भोक पाडणं. तुम्हाला वाटेल त्यात काय, मशीन लावलं की झालं. आमची बिल्डिंग तशी नवीन, आतल्या भिंती सिपोरेक्सच्या म्हणजे त्या हलक्या ब्लॉकच्या, आणि बाहेरच्या बाजूला कॉलम-बीमचं काँक्रीट. आधीच्या एका माणसाने पुस्तकांचं शेल्फ साधी प्लास्टिकची गिट्टी मारून लावलं होतं, ते एका रात्री पुस्तकांसकट खाली आलं, नशीब तिथे कोणी झोपलं नव्हतं. मामा ड्रिल मारतात तेव्हा भोकाखाली तळहात धरतात आणि पडणारी पूड बघतात. लाल आली तर वीट. पांढरट आणि पिठासारखी भुसभुशीत, मशीन लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर सिपोरेक्स, तिथे साधी गिट्टी धरतच नाही, लांब नायलॉनची वेगळी गिट्टी येते ती लागते, हॅमर बंद करून नुसतं फिरवत भोक पाडायचं नाहीतर भोक मोठं होतं. आणि काळपट राखाडी पूड, मशीन किंचाळायला लागलं, तर काँक्रीट. माझ्या जावेकडे वाकडला मायव्हन पद्धतीची बिल्डिंग आहे, तिथे सगळ्याच भिंती काँक्रीटच्या, साध्या घरगुती ड्रिलने घाम निघतो, तिकडे मामा मोठं हॅमर मशीन घेऊन गेले होते आणि भाड्याचे पैसे वेगळे लावले, ते बरोबरच आहे.

यातूनच झोपाळ्याची गोष्ट येते आणि मला खरं त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहायचा होता.

सासूबाईंचा सागवानी झोपाळा. वाड्यातला, पितळी कड्यांचा, वाडा पाडल्यापासून दिराच्या माळ्यावर पडून होता. आम्ही नवीन घरात आल्यापासून त्यांचं एकच, हॉलमध्ये झोपाळा टांगायचा. वाड्यात काय, लाकडी तुळयांना कडी अडकवली की झालं. फ्लॅटमध्ये वर स्लॅब. ज्याला विचारावं तो म्हणे चार फास्टनर मारू, हुक लावू, अर्ध्या तासाचं काम. दोन जण तर मशीन घेऊनच आले होते.

मामांनी पहिल्या दिवशी मशीन आणलंच नाही. नुसते येऊन वर बघत उभे राहिले. मग पंख्याचा पॉइंट कुठे, लाइटचे पॉइंट कुठे, स्विचबोर्ड कुठल्या भिंतीवर, ते सगळं बघितलं, कारण स्लॅबमधून वायरींचे पाइप पंख्याच्या डब्यापासून भिंतींकडे जातात आणि तुम्ही नेमकं त्यावर भोक पाडलंत तर झालं कल्याण. बिल्डरकडून आलेला ड्रॉइंगचा कागद मागितला. आमच्याकडे होता, माझ्या नवऱ्याला अशा गोष्टी जपून ठेवायचा आजार आहे, यावेळी कामी आला. मग म्हणाले सोसायटीच्या ऑफिसात विचारा स्लॅब साधा आहे का पीटीचा, म्हणजे आत ताणलेल्या केबली असलेला. पीटीचा असेल तर मी हात लावणार नाय, केबल तुटली तर जीव जाईल आणि बिल्डिंगपण. आमचा साधा निघाला. आता सांगा, अर्ध्या तासात करून देतो म्हणणाऱ्यांपैकी कोणी हे विचारलं होतं?

मग वजनाचा हिशोब. सासूबाई म्हणाल्या एकटीच तर बसणार मी. मामा म्हणाले, "आजी, दिवाळीला नातवंडं आल्यावर किती जण बसतील ते सांगा." पाट, कड्या, चार माणसं, आणि वर झोका देताना पडणारा झटका, नुसतं बसण्यापेक्षा झोक्याचा ताण कितीतरी जास्त. त्यामुळे नुसता एक हुक एका फास्टनरवर नाही, तर प्रत्येक टोकाला लोखंडी प्लेट, प्लेटला चार भोकं, १२ एमएमचे फास्टनर, आणि प्लेटला वेल्ड केलेली कडी. प्लेटा फॅब्रिकेटरकडून करून आणल्या, फास्टनर मात्र मला बोहरी आळीतून आणायला लावले, दुकान सांगितलं नाही पण "हलके घेऊ नका, वजनाला जड लागतील ते घ्या" एवढं सांगितलं. बोहरी आळीत जायचं म्हणजे गाडी लांब लावून चालत जायचं, त्या गर्दीत हातगाड्या आणि टेम्पो, पण तिथे ज्या वस्तू मिळतात त्या आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात नसतात हे खरंच.

भोकं पाडताना एका जागी मशीन अडकलं आणि आवाज बदलला. सळई लागली. भाचा (मामांच्या हाताखाली एक भाचा असतो, कायम मोबाइलमध्ये) म्हणाला जोर लावू का, मामांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो स्टुलावरून खालीच उतरला. सळई कापायची नसते. त्यांनी ते अर्धवट भोक ग्राउटने भरून टाकलं आणि प्लेट थोडी फिरवून नवीन जागा धरली, म्हणून आमची एक प्लेट किंचित तिरकी आहे, खालून बारकाईने बघितलं तर दिसते. भोक पाडून झाल्यावर आतली पूड फुंकणीने बाहेर काढली, प्रत्येक भोकाची. मी विचारलं एवढं कशाला, तर पूड आत राहिली तर फास्टनर धरत नाही, आज धरल्यासारखा वाटतो आणि सहा महिन्यांनी ढिला होतो.

टांगल्यावर आधी वाळूची पोती ठेवली पाटावर, रात्रभर. सासूबाई डायनिंग टेबलवरून वाळूच्या पोत्यांकडे बघत जेवल्या. दुसऱ्या दिवशी पोती काढून मामा, भाचा आणि माझा नवरा तिघं एकदम बसले आणि झोके घेतले, आणि मगच आजी बसल्या. पाट जमिनीपासून कितीवर हवा हे आजींना खुर्चीवर बसवून गुडघ्यापर्यंत मोजून ठरवलं, उठताना हात टेकायला लागू नये म्हणून. मागच्या भिंतीपासून अंतरही मोठ्या झोक्याचा अंदाज घेऊन सोडलं. नंतर एकदा न बोलावता येऊन सगळे नट पान्ह्याने आवळून गेले. कड्या कुरकुरतात अजून, ग्रीस लावलं की थांबतात आणि परत चालू, पण सासूबाईंना ती कुरकुर हवीच आहे म्हणे.

यापुढचं पटपट सांगते.

मुलाची गिअरची सायकल ऑनलाइन मागवली होती. ती खोक्यात अर्धवट जोडलेली येते, हँडल, पुढचं चाक, सीट, पेडल आपण लावायचं. विकणाऱ्यांनीच पाठवलेल्या माणसाने येऊन जोडली आणि पाच स्टारचा स्क्रीनशॉट मागून गेला. मुलगा म्हणाला विचित्र चालतेय. मामांनी पार्किंगमध्ये येता येता लांबूनच बघून सांगितलं की पुढचा चिमटा उलटा बसवलाय. खरंच, ब्रेक मागच्या बाजूला आला होता आणि चाक फ्रेमला टेकायला आलेलं. शिवाय डावं पेडल वाकडं घुसवलेलं. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात, उजवं घड्याळाच्या दिशेने आवळायचं तर डावं उलट्या दिशेने, हे ज्याला माहीत नाही तो जोर लावतो आणि क्रँकचे आटे घालवतो. आमचे पुरते गेले नव्हते. मामांनी पेडल काढून, थोडं तेल सोडून, नुसत्या बोटांनी फिरवत फिरवत आत नेलं, पान्हा शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला. तुमच्याकडे सायकल आली असेल तर आत्ता जाऊन चिमटा सरळ आहे का बघा, मी मस्करी करत नाहीये, मला आमच्याच पार्किंगमध्ये अजून एक तशी सापडली.

ट्रेडमिलला मामांनी स्पष्ट नाही सांगितलं. कंपनीचा माणूस फुकट येतो बसवायला तर त्यालाच बसवू द्या, नाहीतर उद्या वॉरंटीला नाटकं करतील. बरोबर आहे. त्यांनी फक्त त्या भिंतीला १६ अँपिअरचा पॉइंट आहे का बघितलं आणि एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका म्हणून दम दिला. नंतर पट्टा एका बाजूला सरकायला लागला तेव्हा मात्र आले, मागच्या रोलरचे दोन बोल्ट ॲलन कीने पाव पाव फेरा फिरवायचे, पट्टा ज्या बाजूला जातो त्या बाजूचा आवळायचा, प्रत्येक पाव फेऱ्यानंतर थोडा वेळ चालवून बघायचा. मला शिकवून गेले, आता मीच करते. ट्रेडमिलवर सध्या कपडे वाळतात तो भाग वेगळा.

क्लबहाऊसचं टीटी टेबल. कमिटीने ऑनलाइन ऑफरमध्ये घेतलं, दोन अवजड खोकी आली आणि तशीच पडून राहिली, कारण जोडायचं कोणी यावर मीटिंग. शेवटी मामा. टेबलाचं माप सगळीकडे ठरलेलं असतं, २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद, जमिनीपासून ७६ सेंटिमीटर उंच, तेव्हा खोलीत टेबल बसतं यात आनंद मानू नका, खेळणारा मागे सरकणार कुठे ते बघा. आमच्या खोलीत ते तिरकं ठेवायचं असं कमिटीचं ठरलेलं, मामांनी एक खांब दाखवला आणि म्हणाले इथं पोरं डोकं फोडून घेतील. मग कॅरमबोर्डाचं स्टँड आणि खुर्च्या बाहेर काढून सरळ ठेवलं.

मॅन्युअल इंग्लिशमध्ये होतं आणि मामा मॅन्युअलला हात लावत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष आहे. चित्रं बघतात, पण तीही उडती. मी आणि नववीतला एक मुलगा शेजारी बसून पायऱ्या वाचून दाखवत होतो तेव्हा ते म्हणायचे, "ते ऱ्हाऊ द्या, मला कळतंय." आणि मग एक आडवा रॉड उलटा बसला आणि परत काढावा लागला. त्यामुळे माझा सल्ला, खोक्यातलं काहीही जोडायचं असेल तर तुम्ही शेजारी बसा, स्क्रू पिशव्यांतून वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवा आणि पायरी वाचून सांगत रहा, ते रागावले तरी. पण टेबल उभं राहिल्यावर त्यांनी जे केलं ते मॅन्युअलमध्ये नव्हतं. पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी वापरतात तशी, टेबलाच्या चारही कोपऱ्यांची पातळी काढली आणि पायांचे नट फिरवून फिरवून दोन्ही अर्धी सारखी केली, मधल्या सांध्यावर नख फिरवलं तरी अडकत नाही. मग त्या नववीतल्या मुलाने नेट मोजलं, १५.२५ सेंटिमीटर, आणि चेंडू ३० सेंटिमीटरवरून सोडून बघितला, तो साधारण २३ पर्यंत उसळायला हवा असतो. वेगवेगळ्या जागी टाकून बघितला, सगळीकडे जवळजवळ सारखा. मामांनाही मजा वाटली, त्यांनी स्वतः पण टाकून बघितला. कमिटीने मजुरी देताना घासाघीस केली ती मात्र मला आवडली नाही, टेबलासाठी हजारो रुपये खर्चायचे आणि जोडणाऱ्याचे दोनशे कापायचे.

पैशांचं बोलायचं तर किरकोळ कामाला दीडशे-दोनशेपासून सुरू, नळ, पंखा, पडद्याचे रॉड अशी चार कामं जमवून एकदम बोलावलं तर एकत्र हिशोब करतात आणि ते स्वस्त पडतं. ॲपवर प्रत्येक भोकाचा वेगळा दर, प्लंबर वेगळा, सुतार वेगळा, आणि "हे आमच्या लिस्टमध्ये नाही मॅडम" ऐकायला लागतं. पण ॲपचे फायदेही मान्य करते, माणूस दिलेल्या वेळेला येतो, फोटो आणि नाव आधी येतं, बिल मिळतं, कामाला काही दिवसांची वॉरंटी असते. एकटं राहणाऱ्यांना किंवा ऑफिसमधून सुट्टी काढून थांबणाऱ्यांना ते सोयीचं आहे. मामांकडे बिल वगैरे काही नाही. पैसे भाच्याच्या क्यूआरवर जातात. सामान ते स्वतः आणतात तेव्हा दुकानदाराकडून त्यांना काहीतरी सुटत असणार, सगळ्यांनाच सुटतं, पण जुना पार्ट काढून हातात देतात आणि पावती दाखवतात, त्यामुळे मी त्यात पडत नाही. मोठं सामान असेल तर यादी लिहून घ्या आणि स्वतः आणा, विजेचं असेल तर तपकीर गल्ली. जुन्या पार्टाचा फोटो नाही, जुना पार्टच घेऊन जा.

आता फोनचं रडगाणं. उचलत नाहीत. व्हॉट्सॲपवर निळी टिक येते पण ती भाच्याची असते. "उद्या येतो" याचा अर्थ या आठवड्यात, "सकाळी येतो" याचा अर्थ जेवणाआधी किंवा नंतर. एकदा मी वर्क फ्रॉम होम करून दिवसभर थांबले आणि ते संध्याकाळी दिवे लागणीला आले, तेही वरच्या मजल्यावरून, कारण त्यांना जिन्यात कोणीतरी पकडलं होतं. खरा उपाय एकच, सकाळी नऊच्या आत हार्डवेअरच्या दुकानापाशी जाऊन प्रत्यक्ष सांगायचं, आणि शक्यतो त्यांच्याच गाडीमागे घरी यायचं. कचरा पण करतात. ड्रिलच्या आधी फर्निचरवर पेपर किंवा जुनी चादर तुम्हीच टाका, ते टाकणार नाहीत, आणि झाडून तर अजिबात घेणार नाहीत.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे आषाढी. माउलींची पालखी पुण्यातून निघाली की मामा दिवेघाटातून चालायला लागतात ते थेट पंढरपूर करूनच येतात, आणि नेमका तेव्हाच पाऊस सुरू होऊन सगळ्यांच्या खिडक्या गळायला लागतात. दरवर्षी हेच. त्यांना बोलून काही फायदा नाही आणि बोलावं असं वाटतही नाही. खिडक्यांची कामं मे महिन्यातच उरकून घ्या.

स्टार द्यायचेच तर कामाला पावणेपाच, वेळेला एक, सिलिकॉनला शून्य. सध्या आमच्या सी विंगमध्ये सगळ्यांच्या बाल्कनीला कबुतरांच्या जाळ्या लावतायत, त्यामुळे मोठं काम दिवाळीनंतरच घेणार म्हणाले. नळ गळत असेल तर येऊन जातील.